तोफेची पेटी

ऑफिसात तिला सगळे तोफ म्हणायचे, तेही ती आसपास नसताना. समोर असली की ‘मॅडम’. एकदा नव्याने लागलेल्या एका मुलीने भाबडेपणाने विचारलं, "तोफ मॅडम कुठे बसतात?" आणि नेमकी तीच तिच्या मागे चहाचा कप घेऊन उभी. कुणी खाली मान घालून कीबोर्ड बडवायला लागलं, कुणाला एकदम खोकला आला. ती मात्र हसली. "तोफ बसत नसते गं, उडत असते," ती म्हणाली. "ये, माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे." खुर्ची रिकामी का होती, हे त्या मुलीला पहिल्याच आठवड्यात कळलं.

उडायची म्हणजे काय, तर खरंच उडायची. कीबोर्ड गुडघ्यावर आपटून मोडलेला लोकांनी पाहिला होता. मीटिंगमध्ये एकाने तिला तिचंच काम समजावून सांगायला घेतलं, तेव्हा त्याच्या डोक्यावरून खुर्ची गेली होती आणि काचेच्या दाराचा चुरा झाला होता. तरी मालक तिला काढत नव्हते. काढतील कसे? चार जणांनी महिनाभर घोळ घालावा आणि हिने येऊन दुपारच्या आत निस्तरावा, असं तिचं काम. नवीन दार बसलं, आणि तिची जागा त्या दारापासून लांब खिडकीपाशी हलवली, एवढंच.

आता अशी बाई काही आभाळातून पडत नाही. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. घरी त्यांना अण्णा म्हणत. अण्णा कामावरून आले की अवजारांची पिशवी दाराशी ठेवायचे, आणि आई व दोघी मुली, अशा घरातल्या तिघींचे कान त्या पिशवीकडे लागलेले असायचे. हळू टेकली तर ठीक. धाडकन आपटली की आई स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडायची, म्हणजे पुढचं काही तिच्या कानावर पडायला नको. मग पट्टा, नाहीतर सरळ पिशवीतला लोखंडी पाना. धाकटी बिचारी कोपर डोक्यावर घेऊन भिंतीशी मुटकुळं करून बसायची आणि एकच घोकायची, "नको ना अण्णा, नको ना अण्णा." थोरली, म्हणजे आपली तोफ, मध्ये पडायची. तिच्या पाठीवर पान्याचे वळ कायमचे उमटले होते, आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. धाकटीच्या अंगावर उमटला तर मात्र तिचं डोकं फिरायचं.

थोरली कॉलेजात जायला लागली तेव्हाची गोष्ट. दूध उतू गेलं. शेगडीपाशी धाकटी उभी होती. अण्णांनी पाना उचलला, आणि थोरलीने तो त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. पहिला घाव मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज झाला. दुसरा खांद्यावर. तिसरा तोंडावर. अण्णा शेगडीशेजारी कोसळले, फरशीवर दुधात रक्त आणि रक्तात दात. आईने नळ बंद केला आणि दारात येऊन नुसती बघत राहिली. त्या दिवसानंतर अण्णांनी कुणावर हात उगारला नाही. उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता म्हणा.

धाकटीने ते दात गोळा केले, धुतले, कागदात बांधले आणि ती पुडी कुणाला द्यायची हे न कळून मुठीत धरून बसली. रात्री ताईजवळ झोपायची सवय तिची, ती तेव्हापासून आईजवळ झोपायला लागली. ताईला ती पुन्हा कधी उलटून बोलली नाही. ताईला वाटलं, चला, पोर शहाणी झाली. आणि स्वतः ताई त्यातून एकच गोष्ट शिकली: मार थांबवायचा तर त्याहून जोरात मारायचं. हे तिच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं की पुढे तिने त्याचा कधी विचारसुद्धा केला नाही.

कॉम्प्युटरकडे ती वळली त्याचंही कारण हेच. मशीनला चुकीचं सांगा, पुन्हा चुकीचं सांगा, मशीन हात उगारत नाही. नुसतं म्हणतं, अमुक ओळीत गडबड आहे, बघा. जन्मात कुणी इतक्या सभ्यपणे तिची चूक दाखवली नव्हती. ती त्या कामाच्या प्रेमातच पडली.

तिची कंपनी फाटकांवरची मशीनं चालवायची. हॉस्पिटलं, कारखाने, शाळा. दारावर माणूस आला, ओळखपत्र मशीनसमोर धरलं, की हिरवा दिवा किंवा लाल. हिरवा म्हणजे या आत. लाल म्हणजे भोंगा आणि रखवालदाराचा दांडा. आत, मशीनच्या डोक्यात, येणाऱ्या प्रत्येक माणसाची एक वस्तू बनवलेली असते, तिला हे लोक ऑब्जेक्ट म्हणतात. त्या वस्तूला कप्पे असतात: नाव, फोटो, कुणाला भेटायचं. अशी वस्तू कोणत्या साच्यातून काढायची ते ज्यात लिहितात तो क्लास. पाहुण्याचा क्लास साधा. त्याच्यापासून पोरं काढलेली. एक पोर ‘सोबतीण’, म्हणजे पेशंटजवळ दिवसरात्र थांबायची परवानगी असलेली. पाहुण्याचे सगळे कप्पे तिला बापाकडून मिळालेले, वर परवानगीचा कप्पा स्वतःचा. दुसरं पोर ‘बंदीवाला’. त्यालाही बापाचे सगळे कप्पे, आणि स्वतःचा एक: याला आत सोडायचं नाही.

पण मशीनचं डोकं म्हणजे वीज असेपर्यंतच. वीज गेली की पाटी कोरी. म्हणून प्रत्येक वस्तू उलगडून, तिच्या कप्प्यांतलं सगळं अक्षरांच्या एका लांब ओळीत डिस्कवर लिहून ठेवायचं, आणि मशीन पुन्हा सुरू झालं की त्या ओळीवरून वस्तू जशीच्या तशी उभी करायची. याला म्हणतात सिरियलाइझ करणं. हे काम तिथे फार गचाळपणे चाललं होतं. डॉक्टरसाठी वेगळा कोड, पाहुण्यासाठी वेगळा, सोबतिणीसाठी वेगळा, बंदीवाल्यासाठी आणखी वेगळा. एकीकडे दुरुस्ती केली की बाकी सगळीकडे करत फिरा. तोफेला तो कोड बघवायचा नाही.

शेवटी तिने ते सगळं उडवून लावलं आणि एकच जेनेरिक क्लास लिहिला. तिला ती पेटी म्हणायची. पेटी मागताना फक्त एवढंच सांगायचं, कुणासाठी हवी; तेच नाव तिच्या झाकणावरच्या चिठ्ठीवर पडायचं. डॉक्टरसाठी मागा, डॉक्टर बसतो. बंदीवाल्यासाठी मागा, बंदीवाला बसतो. एकच कोड, कुणालाही गुंडाळणारा आणि कुणालाही पुन्हा उलगडणारा. तिने तपासून पाहिलं. प्रत्येकासाठी त्याची त्याची पेटी मागितली, वस्तू घातली, बाहेर काढली, सगळे कप्पे जागच्या जागी. मालकांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. आणि खरं सांगायचं तर ते कामच सुरेख होतं.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता, तपासनीस. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधणं हे त्याचं काम, त्यामुळे ऑफिसात त्याचं नाव शंकासुर. सडपातळ, हळू बोलणारा, आणि एकदा शंका आली की गोचिडीसारखा चिकटणारा.

त्या सकाळी तोफेच्या टेबलाशी जायचा दिवस नव्हता, पण ते त्याला कुठून कळणार? धाकटीचा फोन नुकताच येऊन गेला होता. धाकटीचा नवरा चष्म्याचं दुकान चालवायचा. बोलायला साखर, गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बसवताना हात असा हलका की लहान मुलंसुद्धा रडत नसत. तोच हात घरी बायकोच्या केसांत जायचा आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटायचा. धाकटी ताईकडे पळून आली होती, राहिली होती, आणि त्या सकाळी फोनवर म्हणाली, "ताई, मी परत आलेय घरी. तो खूप रडला गं." ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मर मग तिथेच!" असं ओरडून तिने फोन आपटला, आणि तेवढ्यात शंकासुर खुर्ची ओढून शेजारी बसला.

"तुमच्या पेटीबद्दल एक शंका होती."

"बोल लवकर."

"बंदीवाल्याची पेटी मागितली तर बंदीवाला पूर्ण बसतो, मी पाहिलं. पण फाटकावर सगळे एकाच रांगेत असतात. साधे पाहुणे, सोबतिणी, बंदीवाले, सगळे. त्या रांगेसाठी पेटी कुणाची मागितली आहे?"

"पाहुण्याची. बंदीवाला पाहुण्याचंच पोर आहे ना? चालतं ते. मशीननं एक अक्षर तक्रार केलेली नाही."

"तक्रार करणार नाही, तेच म्हणतोय. मग पेटी कप्पे मोजताना बघते कुणाकडे? आत आलेल्या माणसाकडे, की स्वतःच्या झाकणावरच्या चिठ्ठीकडे? कारण चिठ्ठीवर जर ‘पाहुणा’ असं..."

पुढचं वाक्य झालंच नाही. तोफेच्या हातातला चहाचा जाड मग त्याच्या भुवईवर फुटला. गरम चहा, रक्त आणि कपच्या, सगळं त्याच्या शर्टावर. "माझ्या कामात बोटं घालतोस?" ती ओरडत होती. "मला शिकवतोस?" लोकांनी तिला धरलं. शंकासुराने रुमाल डोळ्यावर दाबला, उठला, आणि निघून गेला. टाके घालून परत आला तेव्हा त्याने आपलं सामान मजल्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं. पेटीबद्दल त्याने पुन्हा चकार शब्द काढला नाही. काढेल कशाला? त्याला काय दुसरी भुवई नको झाली होती?

पेटी सगळ्या फाटकांवर गेली. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकावर तर तोफेने स्वतः जाऊन बसवली.

आणि थोड्याच दिवसांत त्याच हॉस्पिटलात धाकटीला आणलं. या वेळी चष्मेवाल्याने हातांवर भागवलं नव्हतं, इस्त्रीने मारलं होतं. उजवा हात दोन ठिकाणी मोडलेला, बरगड्या मोडलेल्या, गळ्याभोवती बोटांचे काळेनिळे ठसे. शेजारणीने दार तोडलं म्हणून जीव वाचला. पोलीस पोहोचेपर्यंत तो पसार.

ताई खाटेशी आली. धाकटीने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय म्हणावं? "ताई, रागावू नकोस." ताईने तिचा चांगला हात हातात घेतला. "मी नाही गं रागावत. मी इथून हलणार नाही बघ," ती म्हणाली.

"तो येईल," धाकटी म्हणाली. "जाताना म्हणाला, अर्धवट राहिलंय."

"येऊ दे की. फाटकावर माझं मशीन आहे."

तिने हॉस्पिटलच्या ऑफिसात उभं राहून स्वतःच्या डोळ्यांदेखत दोन नोंदी करून घेतल्या. स्वतःची, सोबतीण म्हणून. आणि चष्मेवाल्याची, बंदीवाला म्हणून, फोटोसकट. दुसऱ्या दिवशी तो आलाच. हातात फुलं, अंगावर इस्त्रीचा शर्ट. ओळखपत्र पुढे केलं, आणि लाल दिवा, भोंगा! रखवालदार गलेलठ्ठ माणूस, पण असा धावला की बघत राहावं. फुलं नाल्यात, चष्मेवाला रस्त्यावर पालथा. पोलिसांना फोन लावेपर्यंत तो गल्लीतून नाहीसा झाला. ताईने वॉर्डात येऊन हे सगळं हावभावांसकट करून दाखवलं. हसताना धाकटीच्या बरगड्या दुखल्या. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायकाही हसल्या. "तुमच्या मशीनला माझ्या सासूचा फोटो द्या हो," एकजण म्हणाली. त्या दुपारी धाकटी कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

त्यानंतरच्या दिवशी ताई आंघोळ करून कपडे बदलायला घरी गेली. तेवढीच गेली. भर दुपारी परत आली, फाटकावर ओळखपत्र धरलं, हिरवा दिवा लागला, आणि ती आत शिरणार तोच रखवालदार म्हणाला, "बाई, भेटीची वेळ संपेपर्यंतच हं. मग खाली यायचं."

"मी सोबतीण आहे. रात्रंदिवस थांबायची परवानगी आहे मला."

"मशीनवर तर साधा पाहुणा दाखवतंय." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. नाव बरोबर, फोटो बरोबर, कुणाला भेटायचं तेही बरोबर. परवानगीचा कप्पाच नाही. रिकामा नाही, मुळात नाहीच.

"काल होतं," ती म्हणाली. "मशीनला हात लावलात का कुणी?"

रखवालदार ओशाळला. "हात नाही लावला. चहाची विजेची किटली लावायला भिंतीत एकच पॉइंट आहे हो. मशीनचा प्लग काढला मिनिटभर. मग परत चालू झालं की आपोआप. छान आहे मशीन."

तिला शंकासुराचं अर्धं राहिलेलं वाक्य आठवलं. पेटी झाकणावरची चिठ्ठी बघते. चिठ्ठीवर पाहुणा, म्हणून पाहुण्याचे कप्पे तेवढे लिहिले, पोराचा स्वतःचा कप्पा मुकाट्याने टाकून दिला. वीज होती तोवर डोक्यातल्या वस्तू शाबूत होत्या. प्लग निघाला, ओळीवरून सगळे पुन्हा उभे राहिले, आणि पुन्हा उभे राहिले ते सगळेच्या सगळे साधे पाहुणे. ती. आणि तो.

"कुणी गेलं वर?" तिने विचारलं.

"आत्ताच गेले की एक जण. तुमच्याच पेशंटकडे. मला चेहरा कालच्या त्या फुलंवाल्यासारखा वाटला, पण मशीननं हिरवा दिला, मग म्हटलं..."

ती धावत सुटली. जिन्यावर एका म्हाताऱ्याला धक्का लागला, कुणाच्यातरी हातातला डबा खणाणत खाली गेला. वॉर्डात शिरली तर सगळं शांत. समोरच्या खाटेवरची बाई कौतुकाने म्हणाली, "मिस्टर आलेत त्यांचे. पडदा ओढून बसलेत, किती हळू बोलतात." धाकटीच्या खाटेभोवती हिरवा पडदा होता, आणि पडद्याखालून खाटेचे पाय हलताना दिसत होते.

तिने पडदा कड्यांसकट ओढून पाडला. चष्मेवाला एका गुडघ्याने धाकटीच्या प्लॅस्टरमधल्या हातावर चढला होता आणि दोन्ही हातांनी उशी तिच्या तोंडावर दाबत होता. धाकटीची पावलं चादरीत घासत होती, मंद मंद. ताईने त्याचे केस धरून डोकं मागे खेचलं. तो वळला आणि त्याने कपाळ तिच्या नाकावर मारलं. हाड कडकन मोडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने तिचा गळा पकडला, तिने त्याचा अंगठा दातांत धरला आणि हाड लागेपर्यंत चावली. तो किंचाळून मागे सरला. खाटेशी सलाईनचा लोखंडी स्टँड होता. तिने तो उचलला, सलाईनची बाटली सुटून फरशीवर फुटली, आणि तिने स्टँडचा जड तळ त्याच्या गुडघ्यावर घातला.

तो पडला. खरं म्हणजे तिथे संपलं होतं. उशी बाजूला झाली होती, धाकटी खोकत होती, श्वास घेत होती. नर्स धावत आली होती, रखवालदार धापा टाकत दारात पोहोचला होता. गुडघा असा वाकडा झाला होता की तो माणूस उठून कुठे जाणार नव्हता. पण ताई थांबली नाही. दुसरा घाव खांद्यावर. तिसरा तोंडावर. दात फरशीवर घरंगळले. तो "माफ करा, माफ करा" म्हणत खाटेखाली सरपटायला लागला, तर तिने त्याला पायाला धरून बाहेर ओढलं आणि पुन्हा मारलं. त्याच्याच चष्म्याची काच त्याच्या डोळ्यात गेली. तो ओरडायचा थांबला तरी ती मारत होती. नर्सने हात धरला, तिला ढकलून दिलं. रखवालदाराने कंबर धरली, त्याच्या पोटात कोपर मारलं. स्वतःच्या नाकातलं रक्त गिळत, दातओठ खात, ती मारत होती आणि, खोटं कशाला बोलायचं, तिला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

मग मागून आवाज आला.

"नको ना अण्णा."

तिने वळून पाहिलं. धाकटी खाटेच्या डोक्याकडच्या दांड्याला पाठ लावून मुटकुळं करून बसली होती. मोडलेला हात पोटाशी, आणि चांगल्या हाताचं कोपर डोक्यावर. डोळे गच्च मिटलेले. तिचा नवरा तिला आत्ता दिसत नव्हता. ती ताईकडे तोंड करून म्हणत होती, "नको ना अण्णा. नको ना अण्णा."

स्टँड ताईच्या हातातून गळून पडला.

पुढचं थोडक्यात. चष्मेवाला जगला. एक डोळा गेला, पाय कायमचा ताठ राहिला, आणि तसाच तो तुरुंगात गेला. ताईवरही केस व्हायची वेळ आली होती, पण त्या वॉर्डातल्या एकूण एक बाईने पोलिसांना सांगितलं की त्या माणसाचा पाय पाण्यात घसरला आणि तो स्टँडवर पडला. "इतक्या वेळा?" फौजदाराने विचारलं. "फार घसरडं होतं हो," सासूचा फोटो द्यायला निघालेली बाई म्हणाली. फौजदाराने फरशीकडे पाहिलं, धाकटीच्या गळ्यावरच्या ठशांकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही.

हॉस्पिटलवाले रखवालदाराला किटलीपायी काढायला निघाले होते. कंपनीच्या मालकांनाही तेच सोयीचं होतं. तोफ नाकावर पट्टी घेऊन त्यांच्या खोलीत गेली. बाहेर सगळे काचेच्या दारापासून दोन पावलं मागे सरकले. पण आत काही फुटलं नाही. हात मांडीवर घट्ट धरून ती म्हणाली, "किटलीची चूक नाही. पेटी माझी आहे, चूक माझी आहे. मला आधी कुणीतरी सांगत होतं, मी ऐकलं नाही. असं लेखी देते."

मग ती मजल्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. शंकासुराने तिला येताना पाहिलं आणि आधी तिच्या हातात काय आहे ते पाहिलं. काही नव्हतं. भुवईवरचा व्रण अजून लाल होता.

"त्या दिवशी तुझं वाक्य अर्धं राहिलं," ती म्हणाली. "पुरं कर."

त्याने पुरं केलं. पेटीने चिठ्ठीकडे बघायचंच नाही. आत आलेल्या वस्तूलाच विचारायचं, तू खरी कोण, तुझे स्वतःचे कप्पे कोणते. ते क्लासचं नाव ओळीच्या सुरुवातीला लिहायचं, आणि उलगडताना त्याच क्लासचा माणूस उभा करायचा. ती मध्ये एक शब्द बोलली नाही. शेवटी म्हणाली, "त्या दिवशीच ऐकलं असतं तर तो वर गेलाच नसता." शंकासुराने मान डोलावली. नाही म्हणता येत नव्हतं. "तुला लागलं त्याची माफी मागते," ती म्हणाली, "आणि आता माझ्यासमोर तपास. जितक्या शंका येतील तितक्या काढ." तिने पेटी दुरुस्त केली, आणि मग एकेका फाटकावर जाऊन स्वतःच्या हाताने प्लग काढला, पुन्हा लावला, आणि बंदीवाल्याचं ओळखपत्र धरून लाल दिवा लागेपर्यंत तिथून हलली नाही. मोठ्या हॉस्पिटलच्या रखवालदाराला तिने किटलीसाठी वेगळा पॉइंट बसवून दिला.

ऑफिसातली तोफ थंडावली ती कायमची. लोकांना आधी वाटलं, नाकामुळे. मग सवय झाली. खिडकीपाशी तिच्या शेजारच्या खुर्चीवर आता शंकासुर बसतो आणि दिवसभर तिचं डोकं खातो.

धाकटी ताईकडेच राहायला आली. हात सांधला, बरगड्या भरल्या, गळ्यावरचे ठसे गेले. दोघी एकत्र जेवतात, टीव्हीवर मालिका लावून नायिकेला शिव्या घालतात, झोपण्याआधी गप्पा मारतात. ताईवर तिचा जीव आहे, ते ती बोलूनही दाखवते. फक्त एक होतं. स्वयंपाकघरात ताईने वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला हात वर केला, आणि मागे काहीतरी हललं म्हणून वळून पाहिलं, तर धाकटीचं कोपर डोक्यावर गेलेलं.

"अगं, साखर काढतेय," ताई म्हणाली.

"माहीत आहे गं ताई." धाकटीने घाईघाईने हात खाली घेतला आणि कसनुसं हसली. "आपोआप जातो वर. तू नको लक्ष देऊ."

पुन्हा तसंच झालं. कपाटावरची बॅग काढताना, दिव्याचा बल्ब बदलताना, साधे केस बांधायला हात मागे नेताना. दर वेळी ती हसायची, दर वेळी म्हणायची, "आपोआप जातो गं."

एका सुट्टीच्या दिवशी धाकटी बाहेर गेलेली असताना ताईने वरच्या फळीवरचं सगळं खाली आणलं. साखर, पीठ, मोठी पातेली, बॅगा, सगळं कमरेच्या खाली. फळ्या उचकटून काढल्या. दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन केस मानेपर्यंत कापून आली. धाकटीने विचारलं तर म्हणाली, वय झालं आता, सोपं पडतं. खिडकीचे पडदे तेवढे उंचावर राहिले. ते धुवायला काढायचे असले की ताई आधी धाकटीला कसल्यातरी निमित्ताने दुकानात पाठवते.